किती आलं, बाई?

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तसं हे कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. चार लोकांत मला बोलता येत नाही आणि मनात ठेवूनही होत नाही, म्हणून लिहिते आहे.

विनू, माझा धाकटा भाऊ, गेल्याचं मला एसटीत कळलं. अकोल्याहून अमरावतीला त्याचा डबा घेऊन निघाले होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती आणि खिडकीशी एक बाई बोरं विकत होती. दवाखान्यातून फोन आला. बोलणारी मुलगी हळू बोलत होती, म्हणून मीच तिला दोनदा विचारलं... मग गाडी सुरू झाली. उतरून तरी काय करणार होते, आणि गाडी पळव असं कुणाला म्हणणार? डबा मांडीवर होता, अजून गरम होता. शेजारच्या बाईने कुठे चालल्या म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, भावाकडे.

विनू फोटोग्राफर होता. अकोल्यात जुन्या कापड बाजारामागे त्याचं छोटं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे आले ती राहिलेच. त्याने स्वतःचं लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, दुसऱ्याइच्या लग्नातच माही हौस फिटली बापा. सुरुवातीला मी नुसता स्वयंपाक करायची. मग एकदा त्याचा मदतनीस आला नाही तर मला घेऊन गेला, आणि पुढे मीच जाऊ लागले. माझं काम एकच, मीटर धरायचं.

हे मीटर म्हणजे मुठीत मावेल असं यंत्र, त्यावर अर्ध्या लिंबाएवढा पांढरा घुमट. तो नवरीच्या हनुवटीखाली कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा, विनू बत्ती, म्हणजे फ्लॅश, उडवायचा, यंत्रावर आकडा यायचा. तो मी वाचायचा आणि चौकटीबाहेर व्हायचं. आकडे मला वाचता येतात. लाजरी बाई असल्याने मी ते पुटपुटायची. मग विनू लांबून ओरडायचा, "किती आलं, बाई?" माझ्या कानात ते अजून आहे. एकदा मी अंदाजानेच सांगितला, तर फोटो भाजल्यासारखे पांढरे आले. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, दिसल तोच आकडा सांगत जाय. लोकाच्या पोरीचं तोंड आहे." त्यानंतर मी दिसला तोच आकडा सांगितला.

कॅमेऱ्यातही मीटर असतं, मग हे कशाला, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, कॅमेरा समोरचं पाहून फसतो. आपल्याकडच्या पोरापोरींना लग्नाआधीचे फोटो फुटलेल्या कपाशीत काढायचे असतात. कॅमेरा तो पांढरा कापूस पाहतो, त्याला वाटतं लई उजेड आहे, आणि तो नवरीचं तोंड काळं करून टाकतो. हातातलं मीटर कापसाकडे पाहतच नाही, अंगावर पडलेलं ऊनच तेवढं मोजतं. भर दुपारचं उघडं ऊन म्हणजे सोळा. हा आकडा मला हिशोब न करता पाठ झाला होता. दुपारी घुमट उन्हात धरला की सोळा, सावलीत गेलं की खाली, घरात तर अगदीच खाली.

पुढे नवी फॅशन आली. दुपारच्या उन्हातही मागचं सगळं धूसर आणि आभाळ गडद निळं पाहिजे. त्यासाठी शटर फार वेगात चालवावं लागतं, मग त्याच उन्हाला सोळाऐवजी चार येतो, आणि साधा फ्लॅश त्या वेगाला पुरा पडत नाही. विनूने हायस्पीडचा नवा फ्लॅश आणला. मी मीटर धरलं तर आकडाच येईना. विनूला वाटलं मी पाडलं. मला वाटलं खरंच पाडलं असेल. नागपूरला दाखवलं तर ते म्हणाले, यंत्र चांगलं आहे, पण जुनं आहे, हा फ्लॅश त्याला कळत नाही. घरी आल्यावर विनूने गच्चीवर वाळत घातलेल्या दोन चादरी एकमेकींजवळ सरकवल्या, मध्ये बोटभर फट ठेवली आणि दोन्ही एकदम ओढत नेल्या. म्हणाला, वेगात शटर असंच चालतं, नुसती फट पुढे जाते. एकदाच बत्ती उडाली तर फटीपुरताच उजेड पडंल. म्हणून हा फ्लॅश फट पार होईपर्यंत बारीक बारीक उडत राहतो. मी म्हटलं, शिलाई मशीनसारखं? तो हसला. "हो, अन् आपलं जुनं मीटर एकाच टाक्याची वाट पाहून राहिलं."

मग त्याने असा फ्लॅश मोजणारं मीटर घेतलं. तेव्हा मला वाटलं नवेपणाची हौस असेल. खरं कारण मला उशिरा कळलं. त्याला कॅमेऱ्यामागचा पडदा नीट दिसत नव्हता. फोटो काढून, पाहून, दुरुस्त करून घेणं त्याच्या हातचं गेलं होतं. साखरेची बिमारी लहान वयातच लागली होती, पथ्य त्याने कधी केलं नाही, आणि डोळ्यातल्या बारीक शिरा फुटत होत्या. डोळ्यात सुया टोचून घ्यायला तो एकटा जायचा आणि मला सांगायचा, मालाचं पाहून आलो. गिऱ्हाईकाला कळलं असतं तर दुकान बसलं असतं. त्याला फोटोशिवाय काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. कळल्यावर मी काय केलं? आकडा मोठ्याने सांगायला लागले. एवढंच माझ्या हातात होतं.

धामणगावच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलीचे फोटो, हे त्याचं शेवटचं काम. कापसातली सरकी काढायच्या त्या जिनिंगच्या आवारात कापसाचे घरापेक्षा उंच ढीग. मुलीने पांढऱ्यासारखीच साडी नेसली होती. मी हनुवटीखाली मीटर धरलं तेव्हा शेठ म्हणाले, "काय व, ताप पाहून राहिल्या का पोरीचा?" सगळे हसले. विनू म्हणाला, "ताप उन्हाले आहे शेठ, पोरगी ठणठणीत आहे." पहिले काही फोटो झाले. मग तो थांबला. कॅमेरा डोळ्याला तसाच. मी जवळ गेले तर अगदी हळू म्हणाला, "बाई, पोरगी मले दिसून नाई राहिली. काळं जाळं उतरलं समोर."

मी म्हटलं, घरी चाल. तो म्हणाला, नाई. तू तिच्या बाजूले उभी राय अन् बोलत राय. कॅमेरा तोंड आपोआप पकडते, मी तुह्या आवाजाकडं धरतो.

आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलले नव्हते, ती मी त्या दिवशी कापसाच्या ढिगापाशी उभी राहून सारखी बोलत होते. चार आला भाऊ. आता पोरगी हसली भाऊ. आता पदर धरला भाऊ. शेठला वाटलं आमची ही पद्धतच असेल.

घरी येऊन मी एकटीने कॉम्प्युटरवर ते फोटो पाहिले. उजेड इतका सुरेख, आभाळ निळं, कापूस कापसासारखा, तोंडावर कुठेही काळं नाही. आणि प्रत्येक फोटोच्या मधोमध मी. डोक्यावर पदर, हातात मीटर, तोंड उघडं. मुलगी कडेला, कुठे अर्धी, कुठे नुसता हात. तो आवाजाकडे कॅमेरा धरत होता, आणि आवाज माझा होता. हे आधीच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं असं म्हणता येईल, पण तिथे ते कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

तो खाटेवर बसून होता. म्हणाला, कसे आले? मी म्हटलं, उजेड बरोबर आला.

"अन् बाकी?"

मी कॉम्प्युटर बंद केला. शेठने अमरावतीचा दुसरा माणूस बोलावून फोटो काढून घेतले.

त्यानंतर डोळे गेले आणि मागोमाग मूत्रपिंड. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली. रक्त साफ करायला नेत आणि आणत. मी एक दिवस तिथे राहायची आणि एक दिवस अकोल्याला येऊन धुणं, डबा करायची. मीटर त्याने मागून घेतलं होतं, उशीखाली असायचं. मी आले की तो ते माझ्या हातात द्यायचा आणि विचारायचा, किती आलं? मी खिडकीशी धरून दिसेल तो आकडा सांगायची. अडीच. दोन. तो म्हणायचा, लई कमी आहे, खिडकी उघड. खिडकी उघडीच असायची. मी म्हणायची, उघडली. मग पुन्हा विचारायचा आणि मी पुन्हा तोच आकडा सांगायची. खोटा सांगायला तोंड उघडायचं नाही... मोठा आकडा सांगितला असता तर काय बिघडलं असतं, हे तेव्हा सुचलं नाही. एकदा म्हणाला, "मंग फ्लॅश लागल बाई." कुठून आणू फ्लॅश?

त्या दिवशी मी पोहोचले तोवर त्याची खाट रिकामी होती, चादर काढून नेलेली. शेजारच्या खाटेवर चांदूर बाजारचे एक म्हातारे चाचा होते, त्यांनी मला बसायला लावलं. सकाळचं त्यांनीच सांगितलं. नीट उजाडलंही नव्हतं. विनूने उशीखालून मीटर काढलं, बटण दाबलं आणि हात त्यांच्याकडे लांब करून म्हणाला, चाचा, पाहा बरं किती आलं.

"मेरेकू इतकं बारीक काय दिसते बेटी, चष्मा घरी पडला," चाचा म्हणाले. "पण तो हात खालीच करे ना. समोर खटियेवर सोळा नंबर लिहेल होता, तोच बोलून टाकला. सोळा."

मी विचारलं, मग काय म्हणाला?

"बोला, सोळा? मंग तं दुपार झाली. आता बाई येते डबा घेऊन. असा बोलून लेट गया, कुशीवर. बस."

मी डबा मांडीवरून खाली ठेवला. चाचांनी विचारलं, "गलत बोललो का, बेटी?"

"नाही चाचा," मी म्हटलं, "बरोबर सांगितलं तुम्ही."