मुक्कामी गाडीचा पाहुणचार

आमचं गाव उसात बुडालेलं आहे. दिवाळीपर्यंत ऊस दोन पुरुष उंच होतो आणि डांबरी रस्त्यावरून पाहिलं तर देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी एवढंच दिसतं. टाकीच्या शिडीवर चौथ्या पायरीला मोबाईलची रेंज येते. त्यामुळे सोयरिकीचे, भांडणाचे, आजारपणाचे सगळे फोन शिडीवर उभं राहून ओरडतच करावे लागतात. गावात कुणाचं काही लपून राहत नाही, ते त्या टाकीमुळे.

आम्हाला बाहेरच्या जगाशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मुक्कामी गाडी, रात्री गावातच थांबणारी बस. संध्याकाळी सातला यायची, देवळापुढं थांबायची आणि सकाळी सव्वासहाला निघायची. त्याच गाडीनं मी भालकीला कॉलेजला जात होते. वडिलांची अट साधी होती. गाडी आहे तोवर शीक. गाडी बंद झाली की उदगीरचं स्थळ तयार आहे. वडील वाईट नाहीत, पण डांबरी रस्त्यापर्यंतची उसातली चार किलोमीटरची वाट, त्यात रानडुकरं आणि कारखान्याला निघालेल्या ट्रॉल्या, एकट्या पोरीला पाठवायची त्यांची छाती होत नव्हती. मला मात्र ते उदगीरचं स्थळ फोटोतसुद्धा बघवत नव्हतं. फोटोतही तो मोटारसायकलीवर बसलेला होता आणि मोटारसायकल त्याच्यापेक्षा बरी दिसत होती.

आधीच्या दोन ड्रायव्हरांनी आमचा मुक्काम नाकारला होता. एकाला ढेकूण चावले. दुसरा पहाटे उसाच्या कडेला गेला आणि समोर डुक्कर बघून जो पळत आला तो थेट गाडीत चढला. मग वरून निरोप आला की तिसराही पळाला तर मुक्काम दुसऱ्या गावाला जाईल. पारावर बैठक बसली. पुढच्या ड्रायव्हरला कशानं धरून ठेवायचं यावर बराच खल झाला आणि आमच्या गावाला जे येतं तेच ठरलं: जेवण. रोज एका घरची पाळी.

तिसरे आले ते गाणगापूरकडचे, कन्नड बोलणारे, पन्नाशीचे, भल्या मोठ्या मिशांचे. ड्रायव्हर तेच, कंडक्टरही तेच. स्वभावानं इतके भिडस्त, की म्हशीला हॉर्न द्यायचा तरी हळूच द्यायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

पहिल्या घरानं पुरणपोळी केली. झालं, दुसऱ्या घराला कमी पडून कसं चालेल? तिथं शेंगांची पोळी झाली. तिसऱ्या घरी हुग्गी, गव्हाची, गुळात शिजवलेली, वर तुपाची धार. मग काकवी, मग गुळाचा शिरा. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण ज्यानं केली त्याच्या रानात ऊस नसणार. आमच्याकडं पाहुण्याला नुसती भाकरी घालणं म्हणजे त्याला हाकलून देणं. त्यातून घरची बाई वाढणं घेऊन ताटापुढं उभी राहायची आणि ताट निपटल्याशिवाय हलायची नाही. अण्णा मान खाली घालून खात होते. गाव खूश होतं, आणि सगळ्यांत खूश मी.

महिनाभरानं एका सकाळी मी जरा लवकर गेले, तर अण्णा गाडीच्या मागं उभं राहून गोळी घेत होते. ते पाकीट मी ओळखलं, माझ्या काकांचं तेच होतं. कॉलेजात शिकलेल्या कन्नडमध्ये विचारलं, शुगर आहे का? अण्णा चोरी सापडल्यासारखे हसले आणि गावच्या मराठीत म्हणाले,

"व्हय ताई. कुणाला सांगू नका. बायांनी मन लावून करायल्यात."

मी नाही सांगितलं. अण्णांची भीड म्हणून नव्हे. गावाला कळलं तर बैठक बसणार, कुणीतरी शिडीवर चढून डेपोला फोन करणार, अण्णांची बदली होणार आणि मी उदगीरला जाणार, हा सगळा हिशेब मी तिथंच उभ्याउभ्या केला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढच्या आठवड्यात आमची पाळी आली. आईनं पुरण घातलं होतं आणि अण्णांच्या ताटात दुसरी पोळी मीच वाढली. गरम, तुपात भिजवून.

होळीच्या आधी एका सकाळी अण्णांनी भर उसात गाडी थांबवली आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं. समोर ट्रॉली नाही, म्हैस नाही. सगळ्यांना वाटलं डुलकी लागली. मग त्यांची धाप ऐकू आली आणि कोरडे पडलेले ओठ दिसले. चक्कर आली म्हणून एका मावशीनं पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. मी तिचा हात धरला. पाणी द्या, पाणी, एवढंच म्हणाले. का धरला ते सांगितलं नाही. मागून आलेल्या जीपमध्ये घालून त्यांना भालकीच्या दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी गाव भेटायला गेलं. कन्नड बोलायला म्हणून मलाही नेलं. आजारी माणसाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सोबत गुळाची अख्खी ढेप होती. ती खाटेजवळ ठेवलेली बघून डॉक्टर जे भडकले, ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. तेव्हा गावाला कळलं. सगळे एकदम अण्णांवर उलटले, की आम्हाला सांगायचं नाही का? अण्णा म्हणाले, ताटापुढं बाई उभी असते, तिला नाही कसं म्हणावं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मुक्काम बंद झाला. तिसऱ्या दिवशी वडील शिडीवर चढले आणि उदगीरशी बोलले. सगळ्या गावानं ऐकलं आणि वाटेत भेटेल ती बाई मला सासरी कसं वागावं ते सांगू लागली. पण पाहुण्यांनी पाडव्यानंतर येतो म्हणून सांगितलं आणि त्याआधी अण्णाच परत आले. डॉक्टरांनी पथ्यावर सोडलं होतं आणि हाच मुक्काम त्यांनी स्वतः मागून घेतला होता.

पहिली पाळी आमचीच. आईनं ज्वारीची भाकरी आणि मेथी केली. अण्णांनी समाधानानं दोन भाकरी खाल्ल्या. ते उठणार तोच आई आतून वाटी घेऊन आली. हुग्गी. एवढीशीच, चवीपुरती, तिला राहवलं नसणार. ती ताटापुढं उभी राहिली. अण्णांनी वाटीकडं पाहिलं, मग मान खाली घातली. ती मान मी ओळखत होते. आता हे खाणार.

"आई, घालू नको," मी म्हणाले. "त्येंला न्हाई म्हणता येईना गेलंय. मला आधीच ठावं होतं. गोळ्या घेताना बघितलं होतं मी. गाडी जाईल म्हणून बोलले न्हाई."

वडिलांचा घास हातातच राहिला. आईनं माझ्याकडं बघितलं.

"मग त्या दिशी पोळी कामून वाढलीस?"

मला रडू फुटलं. आई वाटी घेऊन तशीच उभी होती आणि आता पुढं काय बोलेल याची मला भीती वाटत होती. तेवढ्यात अण्णांनी ताटावर आडवा हात धरला.

"नको, अक्का," ते म्हणाले. "पोरीला बोलू नका. मलाबी ठावं होतं की, तरी खाल्लं."

आमच्या गावात तोवर त्यांनी कुणालाच नको म्हटलं नव्हतं.