नळाजवळचा ओटा

“साहेब, आमचा माणूस कुठंय?”

तुळशीरामकाका मला विचारत होते. समोर दहनाचा ओटा होता. धुतलेला, ओला, वर दूध शिंपडलेलं. म्हणजे राख सावडून झाली होती. पण तुळशीरामकाका तर आत्ताच आले होते. त्यांच्या थोरल्या भावाला परवा संध्याकाळी याच ओट्यावर अग्नी दिला होता आणि तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला ते मडकं घेऊन उभे होते.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. स्वच्छता निरीक्षक म्हटलं की लोकांना गटार आणि झाडू आठवतो. पण गावची स्मशानभूमीही आमच्याच खात्याकडे असते. सरणाची लाकडं, पाणी, शेडचे पत्रे, नोंदीचं रजिस्टर, सगळं. काम बरोबर झालं तर कुणाला आपलं नाव कळत नाही. चुकलं तर सगळ्या गावाला कळतं.

स्मशानभूमीचा चौकीदार सोनाजी त्या दिवशी लेकीच्या गावाला गेला होता. बदलीवर सफाई विभागातला रामा होता. रामाने रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

“साहेब, ह्यांचा तीन नंबर हाय. तीन नंबरची राख तिकडं तशीच हाय, बघा की. ह्यांना तीच न्या म्हणून राह्यलो.”

“तिकडं लिंबाखाली आमचं न्हाई,” तुळशीरामकाका म्हणाले. “आमचं नळाजवळ व्हतं. मी ह्या नळावर हातपाय धुतले. बिलकुल इथंच.”

मी ओट्यांवरचे आकडे पाहिले आणि मग पुन्हा रजिस्टर.

आमच्याकडे एका रांगेत तीन ओटे होते. फाटकाच्या बाजूचा नळाजवळ, एक मधला, आणि पलीकडचा कडुलिंबाखाली, सोनाजीच्या खोलीला लागून. दहा-बारा दिवसांपूर्वी मीच हौसेने त्यांना नंबर घातले होते. वरचे साहेब पाहणीला येणार होते, जरा शिस्त दिसावी म्हणून. पेंटरने ब्रश डब्यात बुडवून विचारलं होतं, “साहेब, कुठून मोजायचं?” मी स्कूटरवरून न उतरताच म्हणालो होतो, “कुठून बी मोज बाबा, तीनच तर हायेत.”

पेंटरने फाटकापासून मोजले. सोनाजी वीस वर्षं आपल्या खोलीपासून मोजत आला होता. त्याचा एक नंबर म्हणजे लिंबाखालचा. रंगवलेले आकडे त्याने पाहिले असतील, पण वाचले नसतील. त्याला काय गरज? रजिस्टरमध्ये आणि पावतीवर तो आपल्या हिशेबाने आकडा टाकत राहिला. दोघांच्याही मोजणीत मधला ओटा दोन नंबरच. मधल्याचे पत्रे चांगले, म्हणून लोक तोच घेत. त्यामुळे दहा दिवस घोटाळा कुणाच्या लक्षात आला नाही. परवा मात्र मधल्याची सरणाखालची जाळी दुरुस्तीला काढलेली होती, आणि तासाभराच्या अंतराने दोन मयती आल्या.

“रामा, सकाळी कोण येऊन गेलं?”

“भगवान म्हणून हाय एक जण, त्याची माय. पावतीवर एक नंबर. मी ह्या एक नंबरवर आणलं त्यांला. सातलाच सावडून गेले, टेम्पोनं. शहागडला.”

शहागडला गोदावरी. तिथे राख आणि अस्थी सोडायच्या. घड्याळात साडेआठ झाले होते.

मी समोरच्या एसटीडी बूथवरून मुख्याधिकाऱ्यांना घरी फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

“गेले ना ते? मग आता काय करता? लिंबाखालची राख यांना द्या आणि मिटवा.”

“साहेब, ती भगवानच्या आईची आहे.”

“अहो, राख ती राख. कुणाला कळणार आहे? उगाच दोन घरांत मारामारी लावून द्याल, आणि मग मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल.”

खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मलाही ते पटलं. घरी दोन लहान मुली होत्या. स्वतःच्या हाताने स्वतःची चूक गावभर कोण नेतो? बूथच्या बाहेर आलो तर तुळशीरामकाका रिकामं मडकं पोटाशी धरून उभे होते.

“साहेब काय म्हणले?”

त्या मडक्याकडे बघून मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं. नंबर मीच घातले, हेही. त्यांनी मला शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, “मंग इथं कामून उभे हाव आपुन?”

माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. शहागड तासाभराच्या वाटेवर. पुढे उसाच्या गाड्या, मागून ट्रकचे हॉर्न. समोरून एखादा टेम्पो आला की मी वेग कमी करून आत डोकावायचो. हेच तर नसतील? सोडून परत निघाले तर नसतील? एकदा अस्थी पाण्यात गेल्यावर कुठला नंबर आणि कुठलं रजिस्टर! तुळशीरामकाका मागे मडकं धरून बसले होते. मडकं माझ्या पाठीला टोचत होतं. एकदाच त्यांनी विचारलं, “ते लोक कोंच्या समाजाचे हायेत?” हा प्रश्न कशासाठी असतो ते मला माहीत होतं. मी वाऱ्यात ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त म्हणाले, “जरा जल्दी घ्या.”

घाटावर टेम्पो उभा दिसला तेव्हा हायसं वाटलं. दहा-बारा माणसं होती. भगवान तिशीचा, डोकं भादरलेलं, ओल्या धोतरात पायरीवर बसलेला. शेजारी लाल फडकं बांधलेलं मडकं होतं. राखेचं पोतं मात्र रिकामं करून, धुऊन वाळत घातलं होतं.

मी हात जोडले आणि उभ्यानेच सांगितलं. बोलताना मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, पहिला कुठला उठतो ते.

एकही हात उठला नाही. भगवानने मडक्याकडे पाहिलं.

“तरीच,” तो म्हणाला. “मायच्या मांडीत रॉड व्हता. विहिरीवर पडल्ती तवा घातलेला. सावडताना मी सगळी राख हातानं पाह्यली. रॉड घावला न्हाई. म्हणलं, वितळला असंल.”

“अरे मग बोलायचं की तिथंच!” मी बोलून गेलो.

“काय बोलू? मला बी वाटू राह्यलं व्हतं, मायचं तर लिंबाखाली व्हतं म्हणून. पण पावतीवर एक, ओट्यावर बी एक. म्हणलं, रडून रडून आपलंच डोकं फिरलं.”

आता तुळशीरामकाका पुढे झाले.

“राख सोडली?”

“हाव. घंटा झाला. मडकं तेवढं बहिणीसाठी ठेवलं, ती जालन्याहून येऊ राह्यली.”

“कोणी सोडली?”

माझ्या मनात आलं, आता पेटणार. भगवान उठून उभा राहिला.

“मी. माझ्या हातानं.”

“कशी सोडली?”

“कशी म्हणजे? कंबरेइतक्या पाण्यात जाऊन. माय माय म्हणत.”

“रडला का?”

भगवानने होकाराची मान हलवली. तुळशीरामकाका मट्‌कन पायरीवर बसले. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

“माझ्या भावाला लेकरू न्हाई, बाबा. सरणावर मी अग्नी दिला. पण तीन दिवस वहिनीचा एकच घोर, ह्यांची राख लेकाच्या हातानं जायची न्हाई.” त्यांनी भगवानकडे पाहिलं. “मी सांगतो तिला घरी जाऊन. लेकाच्याच हातानं गेली म्हणावं.”

मी नदीकडे तोंड फिरवलं. चूक माझी होती आणि रडूही मलाच येत होतं, हे बरं दिसलं नसतं.

भगवानने ते मडकं दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. तुळशीरामकाकांनी त्या अस्थी एकट्याने सोडल्या नाहीत. “तू बी चल,” म्हणाले, आणि दोघं पाण्यात उतरले. तेवढ्यात भगवानची बहीण एसटीने आली. तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. मग सगळे त्याच टेम्पोत बसून परत आले, मागे माझी स्कूटर.

लिंबाखालची राख रामाने राखून ठेवली होती. मी निघताना त्याला म्हटलं होतं, कुत्रंसुद्धा फिरकू देऊ नको. भगवानने हात घातला आणि दुसऱ्या ओंजळीतच रॉड लागला, काळा पडलेला. तो त्याने धोतराला पुसला आणि बहिणीच्या हातात दिला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

चार दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. राख गेली त्याबद्दल नव्हे. वरिष्ठांची सूचना डावलून मुख्यालय सोडलं म्हणून. मी उत्तर दिलं. वार्षिक वेतनवाढ लांबली.

नंबर मी त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने खरवडून काढले. पेंटरला बोलावून नावं लिहून घेतली: नळाचा ओटा, मधला ओटा, लिंबाचा ओटा. गाव पहिल्यापासून हेच म्हणत होतं. मीच शहाणा निघालो होतो. सोनाजीलाही आकडा लिहू नको, नाव लिही असं बजावलं. तो म्हणाला, “मंग आधी काय बिघडलं व्हतं साहेब?”

पुढच्या तपासणीत मुख्याधिकाऱ्यांनी रजिस्टरवर लाल शेरा मारला, “ओट्यांना क्रमांक का नाहीत? खुलासा करावा.”

मी खाली लिहिलं, “क्रमांक दोन्हीकडून मोजता येतात. नळ एकाच जागी आहे.”