उंबऱ्यावरचं मुसळ

मोखाड्याहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं जव्हारला आमच्या कचेरीच्या खिडकीशी येऊन एवढंच सांगितलं, "घरी चला. तुमच्याकडचं माणूस गेलं." कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला विचारायची गरज वाटली नाही. गावोगाव फ्लूची साथ होती आणि आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, जुना दमा. सगळ्या वाटेनं मी दादांसाठी रडत गेलो... आणि दारात पोचलो तर दादा आत भिंतीला टेकून बसलेले. गेली होती ती गोदाआत्या, त्यांची थोरली बहीण.

आई गेल्यावर मला आत्यानंच वाढवलं. जिभेनं तिखट. संस्थान विलीन झालं आणि मी दरबारच्या कचेरीतून सरकारी कचेरीत आलो, तेव्हा म्हणाली, "राजा गेला, पण तुझी टोपी काय बदलली नाय!"

साथ आली तेव्हा बाजारात सगळे ती हसण्यावारी नेत होते. मुंबईचं पडसं म्हणे, काढा घेतला की उतरतं. धडधाकट माणसाचं उतरतही होतं. पण आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला न जाणं म्हणजे वैर धरणं. दादांचा दमा उसळल्याचं कळताच माणसं अंथरुणाला खेटून बसू लागली, त्यांतली कितीतरी स्वतःच तापातून उठलेली. एका सकाळी आत्यानं भात कांडायचं मुसळ उचललं आणि कोणी आत यायचं नाही म्हणून उंबऱ्यावर आडवं टाकलं. गावाला ते फार लागलं. वांगणीहून नात्यातली एक म्हातारी पायी आली होती, तिचे तर डोळेच भरून आले.

"आमी काय आता परकी झालो, गोदाबाय?"

"परकी नाय गो. पन भाऊ माझा एकच हाय. समाचार घ्यायचा त माझ्यापाशी बसून घे."

आलेल्याला तसंच परतवून लावणं तिच्याच्यानं होईना. म्हणून ओट्यावर खोकणाऱ्यांच्या घोळक्यात ती दिवसभर बसायची, चहा द्यायची, हात हातात घ्यायची. रविवारी घरी येऊन मी चिडलो की म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

मग मी जव्हारला असताना तिलाच ताप भरला; मला कोणी कळवलं नाही. ती आत आलीच नाही, ओट्यावरच आडवी झाली. दादा उठून बाहेर येऊ लागले तेव्हा ओरडली, "मुसळ ओलांडशील त माझं मेलेलं तोंड बघशील!" शेजारीण तिला पेज भरवायची. समाचाराला मात्र कोणी फिरकलं नाही. दादांसाठी ओट्यावर येणारं गाव मुसळावरून तिच्यावर रुसलं होतं. त्या रुसव्याचा मला अजून राग आहे... शपथ पाळून दादा आत बसून राहिले, आणि तेच तोंड त्यांना बघावं लागलं.

परवा गेलो तेव्हा मुसळ तिथंच होतं. मी उचलायला वाकलो तर दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आक्कानं टाकलंय."

ते अजून त्यावरून पाय टाकत नाहीत. मागच्या दारानं निघतात, धापा टाकत घराला वळसा घालतात आणि ओट्यावर तिची जागा सोडून शेजारी बसतात.