कशाचे चाळीस?

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चांदणीबाई नव्या पुस्तिकेच्या पान २१२ वर होत्या. शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर सोडला तर खोलीत कुणी नव्हतं.

लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम बनवणाऱ्या या कंपनीत बाई एकोणीस वर्षं माहितीपुस्तिका लिहीत आल्या आहेत. महिन्यापूर्वी साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलं. ते प्रोग्रॅम वाचतं, त्यात लिहिणाऱ्यांनी घातलेल्या टिपा उचलतं आणि मिनिटभरात पुस्तिका तयार करतं. "बाई, आता तुम्हाला आराम," साहेब म्हणाले होते. आज तीन वाजता ग्राहकाच्या इंजिनिअरने ही पुस्तिका मान्य केली, की बाईंची जागा बंद होणार होती.

पान २१२ वर छापलं होतं : 'दार उघडं राहण्याची वेळ ४०. कशाचे चाळीस ते बापूला विचारा.'

बापू म्हणजे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला इथलाच प्रोग्रॅमर. बाईंचा धाकटा दीर.

घोळ कुठे झाला ते बाईंना लगेच कळलं. टिपेआधी दोन चांदण्या (**) असतील तरच सॉफ्टवेअर ती छापतं. एकच असेल तर आपापसातली समजून सोडून देतं. इथे सगळ्यांनी शोभेला हव्या तेवढ्या काढल्या होत्या. कामाचं आत राहिलं, थट्टा छापून आली.

"राहू द्या की," प्रोग्रॅमर म्हणाला. "साहेबांना पडू दे तोंडावर."

"तोंडावर पडेल तो लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने काय बापूंना शोधत फिरायचं?"

त्यांनी फोन लावला. "भावजी, दाराचे चाळीस कशाचे?"

"वहिनी, तुमच्या माहेरची माणसं चढणार असतील तर मिनिटं लिहा."

"थट्टा पुरे."

"सेकंदाचे दहावे भाग. म्हणजे चार सेकंद."

प्रोग्रॅमरने चाचणीच्या दारावर घड्याळ लावून पाहिलं. चारच भरले. मग बाकीचे आल्यावर बाई टेबलाटेबलाशी बसल्या आणि दोनला दहा कमी असताना शेवटची टीप दुरुस्त होऊन पुस्तिका नव्याने निघाली.

तीन वाजता इंजिनिअरने नेमकं दाराचंच पान उघडलं. वाचलं, पुढची दहा पानं चाळली. "कुणी लिहिलं?"

"सॉफ्टवेअरने," साहेब म्हणाले.

"हातमोजे घालून हे बटण दबत नाही, हेही सॉफ्टवेअरनेच?"

प्रोग्रॅमरने सकाळची प्रत पुढे सरकवली. इंजिनिअर २१२ वर थांबला आणि हसला. "बापूंचा नंबर द्या मग."

सहीखाली त्याने अट घातली : प्रत्येक टीप बाईंनी वाचून मंजूर केल्याशिवाय पुस्तिका स्वीकारली जाणार नाही. साहेबांनी ती अट संध्याकाळी सॉफ्टवेअरमध्येच बसवून घेतली.

उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या पडद्यावर मंजुरीसाठी सतरा टिपा असतील. पहिली साहेबांची आहे, एका चांदणीची, फक्त बाईंनी वाचायची.