पुढची चाकं

गिअर ऑइलचा उग्र वास आला की मला आमच्या हिंजवडीची यात्रा आठवते. जमीन आयटी पार्कात गेल्यावर थोरल्या भावाने जुनी जीप घेतली आणि तिला ट्रॅक्टरला शोभतील एवढे टायर लावले. मग ती साध्या चढालाही धापा टाकू लागली. माझं विश्रांतवाडीत गॅरेज होतं. मी सांगितलं, एवढ्या टायरांना एक्सलमधले गिअर बदलायचे तर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांचे बदल, नाहीतर चारही चाकांना जोर द्यायला फोर व्हील टाकलंस की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि मोडेल. त्याने दुसरीकडून फक्त मागचे बदलून आणले. म्हणाला, "यात्रा उद्यावर हाय, शिकवू नको." दुसऱ्या दिवशी देवळाच्या चढावर, अख्ख्या भावकीसमोर, त्याने फोर व्हील टाकलं. जीप आचके देत थोडी चढली, खाली काहीतरी कडाडलं आणि तेल धुळीत सांडलं. तो उतरला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पुढच्या चाकांचं काम ह्यानं केलंय." त्यानंतर गावातली एकही गाडी माझ्याकडे आली नाही. गेल्या महिन्यात भाऊ गेला, त्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे म्हणाले, तू धाकटा, काहीतरी शब्द दे. मी म्हणालो, ऊन वाढतंय, दर्भाचा कावळा करा.