जोडी तिरपी बसली

आमच्या ह्यांच्या धाकट्या मामांएवढा लग्नातला जाणकार दुर्गपासून अहिवाऱ्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि स्वतः बिनलग्नाचा राहून एवढा जाणकार तर सबंध छत्तीसगडात सापडायचा नाही. मामाजी नोकरीत होते तेव्हा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. सारी उमर छताजवळच्या त्या केबिनीत बसून खाली बघण्यात गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नीट बसवता येते, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसली होती. लोखंडाच्या बाबतीत ती खरीच होती म्हणा. पण रिटायर झाल्यावर उचलायला लोखंड उरलं नाही, तेव्हा मामाजी माणसांकडे वळले.

या साऱ्याच्या मुळाशी होता एक सिनेमा. तरुणपणी दुर्गच्या टॉकीजमध्ये त्यांनी तो इतक्या वेळा पाहिला होता, की गेटवरचा माणूस त्यांना पाहून नुसती मान हलवायचा. दोन मित्र, दोन मैत्रिणी, एक बंगला. एक मित्र बडबड्या, दुसरा घुम्या, मैत्रिणींचंही तेच. खोटी नावं, चुकलेल्या खोल्या, कपाटात लपणं, असा सगळा गोंधळ होऊन शेवटी बडबड्याला घुमी मिळते, घुम्याला बडबडी, आणि पब्लिक टाळ्या वाजवत घरी जातं. मामाजी मात्र दर वेळी चिडून घरी यायचे. "सिनेमावाल्यानं घाई केली, बेटा," ते मला सांगत. "बोलणाऱ्याले बोलणारीच पाहिजे, अन् चुपचाप राहणाऱ्याले चुपचाप. एक जनरल शिफ्टचा, एक नाइट शिफ्टची, अशी जोडी लावली तर दोघायची भेट गेटवरच होईल ना!"

दर रविवारी मामाजी आमच्याकडे जेवायला यायचे आणि पानावर बसले की सिनेमा सुरू व्हायचा. आमटीची वाटी म्हणजे बंगला, मिठाची डबी म्हणजे नायिकेचा बाप, आणि नायिका म्हणजे लिंबाची फोड. भात गार होई, पण बंगल्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा आमच्या ह्यांना भूक आवरेना. त्यांनी गुपचूप नायिका उचलली आणि वरणावर पिळून मोकळे झाले. मामाजींचा हात हवेतच राहिला. "अरे लेका, इंटरव्हलच्या आधीच पिळली तू तिले!" असं ओरडून त्यांनी दुसरी फोड येईपर्यंत घास तोंडात घातला नाही. दुसरी फोड आली, आणि सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला.

लग्नाला त्यांना नेणं म्हणजे तर जिवाशी खेळ. इतर लोक स्टेजवर जाऊन आहेर देतात. मामाजी स्टेजसमोर उभे राहून, एक डोळा मिटून, जोडप्याचा अंदाज घेत. दुर्गच्या एका लग्नात त्यांनी भर मांडवात मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. "जोडी तिरपी बसली, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "नवरदेवाले तुमची धाकटी बराबर राहिली असती. अजून काही बिघडलं नाही." त्या बिचाऱ्याच्या हातातला गुलाबजाम खाली पडला. मी मामाजींचा दंड धरून त्यांना थेट रिक्षात नेऊन बसवलं, आणि त्या दिवशी आम्ही उपाशीपोटी भिलाईला परतलो. रस्ताभर ते मलाच समजावत होते. आमची जोडीही त्यांच्या मते चुकलेलीच. मी अखंड बोलणारी आणि हे दिवसाला चार शब्द खर्च करणारे. "पण तुमचं आता सामान उतरून झालं," म्हणत ते उसासा टाकत, जणू क्रेन रिकामी असती तर मला आत्ता उचलून कुणा वक्त्याच्या घरी नेऊन ठेवलं असतं.

एवढा हा जाणकार, आणि हुडको कॉलनीतल्या सिस्टरच्या बाबतीत साफ आंधळा निघाला. या सिस्टर म्हणजे केरळहून तरुणपणी भिलाईला आलेल्या आणि हॉस्पिटलात नर्स म्हणून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नाही, एकट्या राहायच्या, बोलणं जेमतेम. एकदा चक्कर आली म्हणून मामाजी त्यांच्याकडे बीपी बघायला गेले आणि दंडाला पट्टा बांधलेला असतानाच सिनेमा सांगू लागले. सिस्टरनी तो सगळा ऐकला, मग म्हणाल्या, "अब मुँह बंद, तब बीपी." बीपी अगदी ठीक निघालं. तरी मामाजी रोज संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून ते तपासायला जाऊ लागले. सगळ्या कॉलनीला कळलं, मामाजींना सोडून.

आणि एक दिवस मामाजी घरात शिरले ते चुटकी वाजवतच. "भेटली! अगदी फिट जोडी भेटली! आपल्या सिस्टर अन् दुर्गचे वकीलसाहेब. दोघंही तोंडातून शब्द काढत नाहीत. याच्यापेक्षा बराबर जोडी देवालेही नाही लावता येत!" वकीलसाहेब म्हणजे त्यांचे जुने मित्र, कोर्टात काम करणारे, विधुर आणि मितभाषी. मी कपाळाला हात लावला. "मामाजी, त्यांना विचारलंत?" तर म्हणाले, "विचाराचं काय? रविवारी दोघायले तुह्या घरी बोलावलं. तू फक्त पुरणपोळी कर."

आता त्या रविवारचं सांगते. मामाजींनी वकीलसाहेबांना म्हटलं होतं, "सिस्टरच्या लग्नाचं पक्कं कराचं हाय, या." सिस्टरना म्हटलं होतं, "लग्नाचं बोलाचं हाय, माह्या घरच्या लोकायसमोर." वकीलसाहेबांची समजूत झाली, की मामाजी स्वतः सिस्टरशी लग्न करताहेत आणि आपल्याला कोर्टाच्या कामासाठी बोलावलं आहे. सिस्टरची समजूत झाली, की मामाजी आपल्याला मागणी घालताहेत. त्या मोतिया रंगाची सोनेरी काठाची साडी नेसून, केसांत मोगरा माळून आल्या. म्हणजे सिनेमातला सगळा गोंधळ आमच्या बैठकीत येऊन बसला आणि त्याचा एकुलता एक तज्ज्ञ मधोमध बसून पुरणपोळीवर तूप वाढत होता!

दोघांनी पुरणपोळीचे तुकडे मोडायला घेतले. "पाह्य, कशी शांतता हाय!" मामाजी माझ्या कानात म्हणाले, पण त्यांचा आवाज काही नेहमीसारखा नव्हता. मग वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "तर मग दिवस कोणता धरायचा?" मामाजी दचकले. "एवढी घाई?" वकीलसाहेब म्हणाले, "या वयात घाई नाही करायची तर कधी?" आणि सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "मुझे कोई भी दिन चलेगा." मामाजींनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि उठून मागच्या अंगणात निघून गेले.

मी मागोमाग गेले. पेरूच्या झाडाला धरून उभे होते. चेहरा पार उतरलेला. "जोडी तर बराबर बसली, बेटा," ते म्हणाले. "मग मले कावून असं होऊन राहिलं?"

मला हसूही आलं आणि रडूही. "अहो मामाजी, त्या तुमच्यासाठी नटून आल्यात! वकीलसाहेबही तुमचंच लग्न लावायला आलेत. गावाला दिसतं ते तुम्हाला कसं दिसत नाही?"

त्यांनी पेरूचं एक पान तोडून चुरगाळलं. मग हळूच म्हणाले, "पण मी असा बोलणारा अन् त्या... चुकीची जोडी होते ना."

"मग आम्ही काय करतोय इतकी वर्षं? चुकीच्या जोडीचीच मुलं कॉलेजात गेली माझी!"

हात धरून त्यांना आत आणलं. जन्मभर बोललेल्या माणसानं एवढंच विचारलं, "सिस्टर, तुमाले... मी?" आणि मग सिस्टरच बोलल्या, आम्ही पहिल्यांदाच ऐकलं इतकं. "इतने साल ड्यूटी से लौटी, घर में कोई बोलनेवाला नहीं था. अब मिला है, तो आप मुझे वकीलसाहब के पास भेज रहे हैं?" वकीलसाहेबांना ठसका लागला. आमचे हे, दिवसाला चार शब्दवाले, चक्क "वाः!" म्हणाले.

दुर्गला कोर्टात लग्न झालं. लग्नानंतरही मामाजी बायकोला सिस्टरच म्हणत. वकीलसाहेबांनी समजावून पाहिलं आणि नाद सोडला. दोघं हुडकोत फार सुखानं राहिले. ते बोलायचे, त्या स्वेटर विणत ऐकायच्या. पुढे सिस्टरच्या आईला कुणी बघणारं उरलं नाही, तेव्हा दोघं केरळला त्यांच्या गावी गेले. स्टेशनवर मामाजी गाडी सुटेपर्यंत सामानच मोजत राहिले, मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे रविवारी भात गरम असतो, आणि मला तो गोड लागत नाही.

परवा फोन आला. मामाजींच्या फोनला हूं हूं म्हटलं की भागतं, म्हणून मी तो कानाशी धरून भाजी निवडायला बसले. पलीकडे आवाजच नाही.

"मामाजी, आहात ना?"

"हाय ना. सगळे लय जीव लावतात इथं. सिस्टरच्या आईले माहं बोलणं समजत नाही, तरी हसते बिचारी. पण कानावर आपली बोली पडत नाही, बेटा." जरा थांबून म्हणाले, "आज मी नाही बोलत. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीबी. काय रांधून राहिली, तेच सांग."

मग मी सांगत बसले. वांगी कशी किडकी निघाली, भाजीवालीशी कशी भांडले, कढीला फोडणी कशाची दिली, ह्यांनी सकाळपासून किती शब्द काढले. मामाजींनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. भाजी निवडून केव्हाच झाली होती, तरी मी बोलतच राहिले.