हवेत अडकलेली पाण्याची टाकी

मी पोचले तेव्हा वजन हवेत होतं आणि गाडी उजवीकडे कलली होती. भोवती पंधरावीस जवान उभे होते. कुणी काही करत नव्हतं. आर्मीच्या कॅम्पवर असं दृश्य दिसलं, की समजायचं प्रकरण गंभीर आहे.

हातकणंगल्याच्या अलीकडे एका उघड्या माळावर ही युनिट उतरली होती. पंचगंगेचं पाणी चढत होतं. शिरोळकडची गावं पाण्यात होती, आणि पुरात पहिली टंचाई होते ती पिण्याच्या पाण्याची. म्हणून युनिटने पाणी शुद्ध करायचा एक प्लांट आणला होता. लोखंडी चौकटीत बसवलेल्या टाक्या, पंप, फिल्टर, सगळं मिळून तीन टनांच्या आसपास. तो ट्रकवर चढवून पुढे न्यायचा होता.

चढवायला होता रफ टेरेन फोर्कलिफ्ट. गोडाऊनमध्ये फिरणारा छोटा फोर्कलिफ्ट तुम्ही पाहिला असेल. हा त्याचा थोरला भाऊ. चाकं ट्रॅक्टरसारखी मोठी, चारही चाकांना ताकद, चिखलात, खडकाळ जागेत चालणारा. पुढे एक उभा खांब, त्याला मास्ट म्हणतात. मास्टवर वरखाली होणारे दोन लोखंडी दात, ते फोर्क. आमची शिरोली एमआयडीसीतली कंपनी या मशीनचं सर्व्हिसिंग करते, आणि मी तिथली सर्व्हिस इंजिनियर.

"या मॅडम," सुभेदार जाधव म्हणाले. साताऱ्याकडचे, पन्नाशीला आलेले, आवाज खर्जातला. "हात लावायच्या आधी सगळं ऐकून घ्या."

झालं होतं ते असं. फोर्कवर प्लांट उचलून गाडी ट्रककडे निघाली होती. वजन ट्रकच्या तळाहून फूटभर वर होतं. तेवढ्यात उजवं पुढचं चाक जमिनीत घुसलं. खाली कधीतरी पाइपलाइनचा चर खणून बुजवलेला होता. वरून गवत आलेलं, कुणाला दिसायचं कारण नव्हतं. गाडी कलली, त्या हिसक्यात मास्टच्या बुडाशी असलेला होज, म्हणजे तेलाचा जाड रबरी पाइप, फाटला. तेल उडालं.

होज फाटला तर वजन धाडकन खाली येऊ नये म्हणून तेलाच्या दाबाने फोर्क उचलणाऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. तेल एकदम वेगाने निघालं की तो आपोआप बंद होतो. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. वजन खाली पडलं नाही. पण आता ते खाली उतरवताही येत नव्हतं. आणि चाकाखालची ओली माती हळूहळू दबत होती.

केबिनमध्ये ऑपरेटर अजून बसलेला होता. लान्स नायक महादेव कुंभार, भुदरगडचा.

"ताई, मी उतरू व्हय?" त्याने मला विचारलं.

"कुणी सांगितलंय उतरायला?" सुभेदार म्हणाले. "पट्टा लावून गप बसून ऱ्हा."

त्यांचं बरोबर होतं. उतरताना गाडी कलंडली तर माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. पण खाली उभं राहून हे म्हणणं सोपं असतं.

मी बॅगेतून पाणसळ काढली. गवंडी भिंतीला लावतो तीच, फक्त माझ्या पाणसळीला मागून चुंबक आहे. डाव्या बाजूने जाऊन ती चासीला चिकटवली. बुडबुडा एका कडेला जाऊन टेकत आला होता. मग देशपांडे सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला.

"तू लांब हो आधी," ते म्हणाले. "मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"सर, होज लागणार आहे. आपल्या स्टोअरमध्ये या फिटिंगचा नाही."

ते म्हणाले, "कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावा लागेल. पंचगंगेच्या पुलाजवळ पाणी रस्त्याला टेकलंय म्हणतात. बघतो." फोन बंद झाला. तो होज घेऊन नक्की येणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

मेजरसाहेब तंबूतून आले. अमरावतीचे, तरुण, डोळे जागरणाने लाल. हातात फोन, आणि तो सारखा वाजत होता.

"मॅडम, किती वेळ?"

"सांगता येत नाही, सर."

"तो व्हॉल्व्ह हाताने सैल केला तर? हळूहळू तेल सोडू, वजन खाली येईल."

"एरवी केलं असतं. पण गाडी तिरकी आहे. वजन खाली येताना जरा जरी हिसका बसला तर ती उजवीकडे जाईल. आणि सैल करायला माणूस तिथेच, उजव्या चाकापाशी बसणार."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. फोन पुन्हा वाजला, ते दोन पावलं लांब जाऊन कुणालातरी "निघतोच आहोत" म्हणाले.

पहिलं काम गाडी पडू न देणं. युनिटकडे रिकव्हरी गाडी होती. अडकलेल्या गाड्या ओढून काढणारी, पुढे वायर रोप आणि तो गुंडाळणारी विंच असलेली. सुभेदारांनी ती डाव्या बाजूला, कठीण जमिनीवर उभी केली. एक जवान तिच्या टपावर चढला आणि त्याने मास्टच्या वरच्या आडव्या पट्टीत वायरच्या टोकाचा जाड कापडी पट्टा अडकवला. मग विंचवर वायर हळूहळू गुंडाळत नेली.

"ओढू नका," मी म्हणाले. "फक्त ताठ करा. ओढलं तर वजन झुलेल."

वायर ताठ झाली. सगळ्यांनी श्वास सोडला. सुभेदार म्हणाले, "कुंभार, आता पट्टा काढ आन् डाव्या अंगानं सावकाश उतर."

त्याने पट्टा काढला, आणि नेमक्या त्याच क्षणी माती बसली.

आवाज फार झाला नाही. ओल्या पोत्यावर कुणी पाय द्यावा तसा. पण गाडी हातभर उजवीकडे गेली, वायर करकरली, प्लांटमधलं काहीतरी आत घरंगळलं. कुंभारचं अंग आपोआप उजवीकडे गेलं. त्याचा एक पाय केबिनच्या बाहेर आला होता. उजवीकडून, म्हणजे गाडी जिकडे पडणार तिकडूनच तो उडी मारणार होता.

"महादू! आत!" सुभेदार ओरडले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदाच ओरडले. "स्टेरिंग धर. डावीकडं वाक."

त्याने पाय आत घेतला. दोन्ही हातांनी स्टिअरिंगला मिठी मारली आणि डावीकडे झुकला. वायरने भार पेलला. गाडी थांबली.

पाणसळीतला बुडबुडा आता कुठे आहे हे बघायला जायचा मला धीर होत नव्हता. तरी गेले. तो पार कडेला चिकटला होता.

मेजरसाहेब ट्रककडे बघत होते. "वजन खाली येत नसेल तर ट्रकच त्याच्या खाली नेला तर? फूटभराचंच अंतर आहे. मग पडलं तरी किती पडेल?"

मला ते आधी सुचलं नव्हतं. भीती एकच होती, ट्रकचा फोर्कला धक्का लागला तर. मी तसं म्हणाले.

"लागू द्यायचा न्हाय," सुभेदार म्हणाले, आणि ट्रकच्या ड्रायव्हरला खाली उतरवून स्वतः चढले. कुणाला ऑर्डर दिली नाही.

मी बाजूला, त्यांना आरशात दिसेन अशी उभी राहिले. हात वर म्हणजे ये, मूठ म्हणजे थांब. ट्रक मुंगीच्या पावलाने मागे येत होता. मागचा फाळका खाली पाडलेला होता. एकदा प्लांटची खालची कड फाळक्याला घासणार असं वाटलं, मी मूठ उगारली, ट्रक थांबला. जरा पुढे, जरा डावीकडे, पुन्हा मागे. माझा घसा कोरडा पडला होता आणि समोर तीन टनांचा पाण्याचा प्लांट लटकत होता. शेवटी ट्रकचा तळ वजनाखाली आला.

मधली फट लाकडी स्लीपरनी भरली. रेल्वेरुळाखाली असतात तसले जाड ठोकळे. जवानांनी ते बाहेर उभं राहून बांबूने आत सरकवले, कललेल्या बाजूला पातळ, उचललेल्या बाजूला जाड. शेवटी बोटभर फट राहिली.

"आता उतर," सुभेदार म्हणाले.

कुंभार डावीकडून उतरला आणि कुणाकडे न बघता थेट तंबूमागे गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाला, "ताई, सकाळधरनं लघवीला गेलो न्हवतो की." सगळे हसले. तो नाही हसला.

मग वाट बघणं सुरू झालं. हातात काम असलं की भीती कमी वाटते. काम नव्हतं. मी गाडीभोवती फिरत राहिले, डाव्या बाजूनेच. पाणसळ बघायची, फोन बघायचा. सरांचा फोन लागत नव्हता. पुलावरची वाहतूक थांबवली असं एका जवानाच्या मोबाइलवर आलं, थोड्या वेळाने दुसऱ्याच्या मोबाइलवर सुरू असल्याचं आलं. मेजरसाहेबांनी मला चहा दिला, तो मी हातात धरून गार केला.

"शिरोळमध्ये एका शाळेत लोकं ठेवलीत," ते म्हणाले. "पोरं पुराचंच पाणी प्यायला लागलीत म्हणे." मला घाई करायला लावायची म्हणून ते बोलत नव्हते. त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं.

देशपांडे सर आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. गाडी पुलाच्या पलीकडेच सोडून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आले होते. होज प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेला.

"मी लावतो," ते म्हणाले.

"सर, तुमचा हात तिथे बसणार नाही. जागा अरुंद आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होज दिला.

आता वजनाखाली स्लीपर होते आणि वायर ताठ होती, म्हणून उजव्या चाकापाशी, चिखलात गुडघे टेकून मी जुना होज काढला. डोक्यावर मास्ट कलता होता. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. फिटिंगचे आटे तेलाने बुळबुळीत, पाना दोनदा निसटला. सर माझ्या मागे उभे राहून मागेन तो पाना तेवढा हातात देत होते. एरवी ते नट कसा आवळायचा यावर भाषण देतात. होज बसला, तेल भरलं.

आता एक अवघड गोष्ट उरली होती. बंद झालेला व्हॉल्व्ह उघडायचा तर वजन आधी केसभर वर उचलावं लागतं. म्हणजे इंजिन चालू करायचं, आणि केबिनमध्ये कुणीतरी बसायचं.

"मी बसतो," सुभेदार म्हणाले.

"न्हाय साहेब," कुंभार म्हणाला. "माझी गाडी हाय." आणि डावीकडून चढला. पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला.

इंजिन सुरू झालं. सगळी गाडी थरथरली, वायरही. कुंभारने लिव्हर इतकी हळू ओढली की आधी काहीच झालं नाही. मग प्लांट बोटभर वर गेला. "सोड," मी हाताने खूण केली. वजन खाली आलं आणि स्लीपरवर टेकलं. लाकूड दबल्याचा आवाज झाला. मी पहिल्यांदा वर बघितलं.

प्लांट साखळ्यांनी आवळला. सुभेदारांनी ट्रक हळूच पुढे घेतला आणि फोर्क रिकामे झाले. ट्रक तसाच पुढे शिरोळच्या रस्त्याला लागला. संध्याकाळी मेजरसाहेबांचा मेसेज आला, पाणी सुरू झालं. फोर्कलिफ्ट दुसऱ्या दिवशी रिकव्हरी गाडीने बाहेर काढला. चाकाचा रिम वाकला होता, बाकी किरकोळ.

युनिटमध्ये चौकशी झाली. निष्कर्ष साधा होता: वजन उचलायच्या आधी जमीन पहारीने ठोकून बघावी. आमच्या कंपनीने एक केलं, त्या फिटिंगचे होज आता स्टोअरमध्ये ठेवतात.

मी आता ऑपरेटरना ट्रेनिंगही देते. पहिल्याच दिवशी विचारते, गाडी कलंडायला लागली तर काय कराल? बहुतेक जण सांगतात, उडी मारू. गाडी उजवीकडे पडतेय, तर उडी कुठल्या बाजूला, असं विचारलं की हात उजवीकडेच जातो; डावीकडे पडतेय म्हटलं, तर डावीकडे. माणसाचं अंग तिकडेच जातं, त्याला इलाज नाही. म्हणून पट्टा असतो. तो आपल्याला गाडीपासून वाचवत नाही, आपल्याच उडीपासून वाचवतो. एवढं सांगते आणि सगळ्यांना पट्टा लावायला लावते. काही जण कुरकुरतात. कुरकुरू देत.